विचार सोडून द्यायचा म्हणजे नक्की काय करायचं?

कातरवेळ

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

चार महिन्यांपूर्वी फोनवर बोलता बोलता दादा म्हणाला, "तुला सांगण्यात काही अर्थ नाही." मग त्याने विषय बदलला आणि दोन मिनिटांत फोन ठेवला. भांडण वगैरे काही झालं नाही. त्यानंतर आम्ही कितीतरी वेळा बोललोय, अगदी नीट. पण ते एक वाक्य माझ्याकडेच राहिलंय.

काल रात्रीचं सांगते. भांडी घासत होते आणि ते आलं. मी मनातल्या मनात उत्तरं द्यायला लागले. तू आजारी होतास तेव्हा रजा टाकून कोण धावत आलं होतं? आईच्या कागदपत्रांसाठी हेलपाटे कोणी घातले? तो काहीतरी म्हणाला, मी आणखी काही म्हणाले. अख्खी खडाजंगी झाली. भानावर आले तेव्हा नळ धो धो वाहत होता आणि मी एकच पातेलं घासत होते, जे केव्हाच स्वच्छ झालेलं होतं. तळाशी माझा चेहरा दिसत होता. बोटांची टोकं सुरकुतली होती. वीस मिनिटं तरी गेली असतील.

ज्याला सांगावं तो म्हणतो, 'सोडून दे.' ध्यानाचं अ‍ॅप लावलं की त्यातला आवाजही तेच सांगतो: विचार ढगांसारखे येतील आणि जातील, त्यांना जाऊ द्या. मी खरंच मनापासून करून बघते. डोळे मिटते, त्याला 'जा' म्हणते. तो जात नाही, उंबऱ्यावर उभा राहतो. मग मला माझाच राग येतो की एवढी साधी गोष्ट जमत नाही.

वस्तू सोडायची तर मूठ उघडायची, हे कळतं. विचार सोडायचा तर काय उघडायचं? ज्यांना हे थोडंफार जमलंय त्यांनी कृपया कृतीच्या भाषेत सांगा.

रात्रपाळी

वाचतोय. माझ्याकडे वाक्य वेगळं आहे, पातेल्याऐवजी छत आहे. पहाटे घरी येऊन आडवा झालो की सुरू. उपाय नाही माझ्याकडे, पण तुम्ही एकट्या नाही एवढं सांगायला लिहिलं.

अर्धविराम

कातरवेळ, तुमच्या लिहिण्यात एक जागा फार महत्त्वाची वाटली. तुम्ही विचाराला 'जा' म्हणता, आणि मग तो गेला का हे बघता. नाहीतर तो उंबऱ्यावर उभा आहे हे कसं कळलं असतं?

यावर एक जुना प्रयोग आहे. १९८७ साली डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने टेक्सासमधल्या ट्रिनिटी विद्यापीठात काही विद्यार्थ्यांना पाच मिनिटं मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायला सांगितलं. अट एकच, पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि आलाच तर समोरची घंटा वाजवायची. घंटा वाजतच राहिली, सरासरी मिनिटाला एकदाहून जास्त. पण पुढचा भाग जास्त बोलका आहे. त्याच विद्यार्थ्यांना नंतर सांगितलं की आता खुशाल अस्वलाचा विचार करा. तेव्हा त्यांच्या डोक्यात अस्वल इतक्या वेळा आलं, जितकं सुरुवातीपासून मोकळीक असलेल्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं. म्हणजे दाबलेला विचार नुसता टिकला नाही, तर चढ्या व्याजाने परत आला.

वेग्नरने १९९४ मध्ये याचं कारण मांडलं, ते मला पटतं. आपण एखादी गोष्ट मनात येऊ द्यायची नाही असं ठरवतो तेव्हा दोन कामं एकदम चालतात. एक भाग दुसरं काहीतरी शोधून तिकडे लक्ष वळवत असतो. दुसरा भाग पहारा देतो की नको असलेला पाहुणा आला तर नाही ना. पहारेकऱ्याला ओळखायचं कोणाला हे माहीत हवं, म्हणून तो त्या पाहुण्याचा चेहरा सतत डोळ्यांपुढे धरून असतो. पहिल्या कामाला कष्ट पडतात, पहारा आपोआप चालतो. दमलो, झोप आली, ताण असला की पहिला भाग ढिला पडतो आणि पहारेकरी एकटाच जागा राहतो. रात्रपाळी, तुमच्या पहाटेच्या छताचं उत्तर बहुधा इथे आहे.

म्हणून मला वाटतं, 'जा' म्हणणं हे सोडणं नव्हेच. ते ढकलणं झालं.

कातरवेळ

अर्धविराम, 'गेला का हे बघता' हे वाचून मी फोन खाली ठेवून दोन मिनिटं नुसती बसले. मी नेमकं तेच करते. अ‍ॅपवर दहा मिनिटं बसते त्यातली नऊ मिनिटं तपासणीच चालू असते.

पण मग ढकलायचंही नाही, तर राहू द्यायचा? तो राहिला तर मला पुन्हा पातेल्यापाशी घेऊन जातो.

मधली_वाट

ताई, मी गेली सोळा वर्षं समुपदेशन करते. तुमचा प्रश्न माझ्या खोलीत आठवड्यातून दोनदा तरी येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही वर जे लिहिलंय त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्यात. 'तुला सांगण्यात काही अर्थ नाही' हे वाक्य आलं, ही पहिली गोष्ट. त्याच्यावर तुमच्या हाताची सत्ता नाही. शिंक यावी तसं ते येतं. त्यानंतर तुम्ही म्हणालात, 'रजा टाकून कोण आलं होतं?' ही दुसरी गोष्ट. ती आलेली नाही, ती तुम्ही केलीत. मी याला सोप्या भाषेत 'दुसरं वाक्य' म्हणते. पहिलं वाक्य एका श्वासापुरतं असतं. वीस मिनिटं खाल्ली ती दुसऱ्या वाक्याने आणि त्याच्या पुढच्या शंभर वाक्यांनी.

मूठ उघडायची ती इथे. पहिलं वाक्य घालवायचं नाही, त्याला उत्तर द्यायचं नाही. ते तिथे आहे, राहू दे, आणि मी पातेलं घासतेय. कोणी दारावरची घंटा वाजवली तरी प्रत्येक वेळी बैठक मांडून बसावंच लागतं असं नाही.

याला मराठीत फार चपखल शब्द आहे, रवंथ. गाय खाल्लेलंच पुन्हा तोंडात आणून चघळते. तिला त्यातून पोषण मिळतं, आपल्याला मिळत नाही. सुसान नोलन-होक्सेमा या संशोधक बाईंनी आयुष्यभर यावरच काम केलं. त्यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांकडून एक प्रश्नावली भरून घेतली होती: मन उदास झालं की तुम्ही काय करता, तेच तेच घोळवत बसता की काही हालचाल करता? आणि चौदाच दिवसांनी, १७ ऑक्टोबर १९८९ला, तिथे मोठा भूकंप झाला. त्यांनी त्याच मुलांना दहा दिवसांनी आणि पुन्हा सात आठवड्यांनी तपासलं. ज्यांना आधीपासून घोळवायची सवय होती त्यांच्यात नैराश्याची लक्षणं जास्त दिसली, आणि ती सात आठवड्यांनीही दिसत होती. भूकंप सगळ्यांनी एकच सोसला होता.

आता कृती. ते वाक्य आलं की त्याच्या आधी एवढे शब्द जोडा: 'माझ्या मनात आत्ता असं वाक्य आलंय की…' मनातल्या मनात, संथपणे. सुरुवातीला कृत्रिम वाटेल. पण 'मला सांगण्यात अर्थ नाही' आणि 'माझ्या मनात असं वाक्य आलंय की मला सांगण्यात अर्थ नाही' यांत एका वितीचं अंतर पडतं, आणि तेवढं पुरतं. दुसरी गोष्ट, शरीरात ते कुठे बसलंय ते बघा. जबडा? खांदे? गळा? तिथली पकड सैल करायचा आटापिटा नको, नुसतं लक्ष न्या. आणि मग हातातल्या कामावर परत. पुन्हा आलं, पुन्हा परत. एका भांड्यात पंधरा वेळा परत यावं लागलं तर पंधराही वेळा तुम्ही बरोबरच केलंत. ते पंधरा अपयश मोजू नका.

अर्धविराम

मधली_वाट, 'दुसरं वाक्य' हे लक्षात राहील. मन भटकण्याबद्दल थोडी भर घालतो, कारण कातरवेळ स्वतःला दोष देताहेत. २०१०च्या एका अभ्यासात २,२५० प्रौढांना दिवसभरात अवचित फोनवरून विचारलं गेलं की आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे. ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. जवळजवळ निम्मा जागेपणीचा वेळ! मन भटकतं ते बिघडलेलं असतं म्हणून नव्हे, त्याची रीतच ती आहे.

मुक्तछंद

सगळ्यांचं वाचलं. मला थोडं वेगळं म्हणायचंय, आणि ते मनापासून म्हणतोय, कोणाला खोडायला नाही.

प्रत्येक विचार सोडायचा नसतो. मी एका ठिकाणी नोकरीत असताना माझ्या कामावर वरिष्ठ आपलं नाव घालत असत. रोज संध्याकाळी तो विचार यायचा. मी रोज बसायचो, श्वास बघायचो, 'सोडून दे' म्हणायचो. शांत वाटायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला. अशी तीन वर्षं गेली. आज मागे वळून बघतो तेव्हा कळतं की तो विचार मला काही सांगत होता आणि मी त्याला झोपवत होतो. ज्या दिवशी समोर बसून बोललो, त्या दिवसानंतर तो आला नाही. नोकरी गेली ती गेली.

ताई, तुमचा दादा खरा आहे, फोन खरा आहे, वाक्य खरं आहे. श्वास बघण्याआधी त्याला विचारलंत का, की तू असं का म्हणालास?

कातरवेळ

नाही विचारलं. खरं सांगायचं तर मला उत्तराची भीती वाटते.

मधली_वाट

मुक्तछंद, तुमचं म्हणणं अगदी योग्य आहे, आणि आमच्या क्षेत्रातही हे पुरेसं सांगितलं जात नाही. शांत होणं आणि गप्प बसणं यांची गल्लत फार होते, विशेषतः ज्यांना लहानपणापासून 'जाऊ दे, मनावर घेऊ नकोस' ऐकायची सवय असते त्यांची.

मी स्वतः दोन प्रश्न वापरते. हा विचार या वेळी काही नवं घेऊन आलाय का, की कालचंच? आणि या आठवड्यात मला करता येईल अशी एक तरी गोष्ट त्यात आहे का? असेल तर ती कधी, कुठे, कशी करायची ते कागदावर लिहायचं. कारण अपुरं राहिलेलं काम मनात टोचत राहतं. २०११ मध्ये मासिकॅम्पो आणि बॉमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत दिसलं की अपुरं काम वाचनात लुडबुड करतं, पण ते कसं करायचं याचा नेमका बेत आखला की काम न करताही ती लुडबुड थांबते. मनाला काम उरकलेलं हवंच असतं असं नाही. ते कुठेतरी नोंदलं गेलंय एवढा भरवसा त्याला पुरतो.

रात्रपाळी

या कागदाबद्दल माझा अनुभव. हा धागा वाचून उशाशी वही ठेवली. आडवा होण्याआधी पाच मिनिटं उद्याची कामं लिहितो. 'बहिणीच्या फीचं बघणे' असं मोघम नाही, 'सोमवारी ड्युटी संपल्यावर बँकेत जाणे' असं. पाच दिवस झाले. छत अजून आहे, पण आम्ही एकमेकांकडे कमी वेळ बघतो.

अर्धविराम

रात्रपाळी, छान. यावर झोपेच्या प्रयोगशाळेत केलेला छोटासा अभ्यासही आहे, २०१८चा, ५७ तरुणांवर. निम्म्यांनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढची कामं लिहिली, निम्म्यांनी झालेली कामं. पुढची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊएक मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी आणखी लवकर. छोटा अभ्यास आहे, फार ताणू नये, पण वहीला खर्च तरी कुठे आहे.

काळजीखोर मनासाठी बोरकोवेक या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये सुचवलेली पद्धतही याच जातीची: दिवसातला अर्धा तास काळजीसाठी राखून ठेवायचा, रोज त्याच वेळी, त्याच जागी. एरवी काळजी आली की तिला सांगायचं, साडेपाचला ये. मी परीक्षेच्या दिवसांत केलंय. साडेपाचला बसलो की बऱ्याच काळज्या आलेल्याच नसायच्या.

चांदणचुरा

हे लिहू की नको असं तीन दिवस चाललंय. नाव कोणाला माहीत नाही म्हणून लिहितेय.

मला पाच महिन्यांचं बाळ आहे. त्याला घेऊन गॅलरीत उभी असते आणि मनात येतं, आत्ता हातातून सोडलं तर. चित्र दिसतं. अंगाला घाम सुटतो. मी त्याच्यावर जीव ओवाळून टाकते, मग हे येतं कुठून? मी गॅलरीत जाणंच बंद केलंय. नवऱ्याला सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणता विचार येऊ द्या, राहू द्या. असा विचार राहू द्यायचा? मी आई म्हणून बरी आहे ना, एवढंच कोणीतरी सांगा.

मधली_वाट

बाळा, आधी हे वाच. तू बरी आहेस. तुला घाम सुटतो, तुला हा विचार नकोसा वाटतो, तू बाळाला घेऊन आत पळतेस. हे सगळं तू त्याला जपतेस म्हणून आहे.

असे विचार जवळपास सगळ्यांना येतात, कोणी बोलत नाही एवढंच. २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, १३ देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांचा. मागच्या तीन महिन्यांत असा एक तरी नकोसा, अंगावर धावून येणारा विचार आला का, असं विचारलं होतं. ९३.६ टक्के हो म्हणाले. कोणाला इजा होईल, गॅस चालू राहिला असेल, भलतंच काही बोलून बसेन, असेच सगळे. नव्या आयांना बाळाबद्दल असे विचार येणं तर फारच सर्रास आहे. मन धोका हुंगत असतं आणि सगळ्यांत मौल्यवान वस्तूभोवती जास्त हुंगतं.

फरक पडतो तो पुढे. ज्याला वाटतं, 'काहीतरी विचित्र आलं मनात', त्याचा विचार विरून जातो. ज्याला वाटतं, 'हे आलं म्हणजे मी अशीच आहे', तो त्याच्यावर पहारा बसवतो, आणि मग अर्धविरामांनी सांगितलेलं पांढरं अस्वल सुरू होतं. गॅलरी टाळलीस, त्याने भीतीला दुजोरा मिळाला.

तरी तीन गोष्टी स्पष्ट लिहिते, कारण हा धागा इतरही वाचतील. हे विचार दिवसातले तासन्‌तास खात असतील, किंवा त्यांच्यापायी काही टाळणं, पुन्हा पुन्हा तपासणं चालू असेल, तर तज्ज्ञाकडे जा. यावर चांगले उपचार आहेत, आणि तुझ्याही बाबतीत हेच सांगेन. दुसरं, बाळंतपणानंतर एखादीला असा विचार नकोसा न वाटता बरोबर वाटायला लागला, कोणीतरी आज्ञा करतंय असं वाटलं, झोपच उडाली, तर त्याच दिवशी डॉक्टर. वाट बघायची नाही. तिसरं, स्वतःचं आयुष्य संपवण्याचा विचार येत असेल तर तो 'बघत बसायचा' विचार नव्हे. तो आत्ता, जवळच्या माणसाला, मोठ्याने सांगायचा.

आणि आज रात्री नवऱ्याला सांग. वाक्य सुचत नसेल तर हा धागाच उघडून दे त्याच्या हातात.

रात्रपाळी

चांदणचुरा, मी रुग्णालयात काम करतो. जिन्याच्या कठड्यापाशी मला हे कितीदा आलंय. आज पहिल्यांदा कळलं की इतरांनाही येतं. तुम्ही लिहिलंत, बरं केलंत.

जुनं_झाड

मुलांनो, धागा दोनदा वाचला. मी एकाहत्तर वर्षांचा आहे, तीस वर्षं ध्यानाला बसतोय. थोडं माझ्या बाजूने.

पाली वाङ्मयात, मज्झिम निकाय या बुद्धाच्या उपदेशांच्या संग्रहातलं विसावं सुत्त, म्हणजे प्रवचन, नेमकं याच विषयावर आहे, नको ते विचार आले तर काय करावं. तिथे एक नाही, पाच उपाय आहेत, आणि त्यांचा क्रम बघण्यासारखा आहे. पहिला, दुसरा चांगला विचार आणा, सुतार बारीक खुंटीने जाड खुंटी बाहेर काढतो तसा. दुसरा, त्या विचाराने नुकसान काय होतं ते बघा. तिसरा, लक्ष देऊ नका, नको ते दृश्य समोर आलं तर माणूस नजर वळवतो तसं. चौथा मला सगळ्यांत आवडतो. त्यात एक माणूस भराभर चालतोय. त्याला वाटतं, मी एवढा भराभर का चालतोय? सावकाश चालावं. मग वाटतं, चालतोय तरी का? उभं राहावं. मग बसावं. मग पडावं. तसा विचाराचा वेग पायरीपायरीने उतरवा. दात आवळून, जीभ टाळूला लावून मनाने मनाला दडपायचं, हा उपाय अगदी शेवटचा, बाकी काहीच चाललं नाही तर. आपण बहुतेक सगळे सुरुवातच तिथून करतो.

चौथ्याबद्दल. बायको गेली तेव्हा मला डोळे मिटून बसणं अशक्य झालं. डोळे मिटले की तिचे शेवटचे आठ दिवस उभे राहायचे, मिनिटामिनिटाचे. 'आसन सोडू नये' या हट्टाने मी महिनाभर तसाच बसलो आणि खंगलो. मग एका जुन्या साधकाने सांगितलं, डोळे उघडा आणि चाला. मी चालायला लागलो. तळवा टेकला, टाच उचलली, एवढंच. वेगाने सुरू करायचो, कारण मनही तसंच पळत असायचं. हळूहळू पाय उतरायचे, मग श्वास उतरायचा. मन सगळ्यांत शेवटी, आणि रोज नाही. डोळे मिटूनच शांती मिळते असं नाही, आणि दुःख ताजं असताना कोणी एकांतात बसायचा आग्रह केला तर त्याचं ऐकू नका.

श्वासाचं एक सांगतो. आत घेताना हृदयाचे ठोके थोडे वाढतात, सोडताना उतरतात, हे शरीराचंच आहे. म्हणून सोडणं लांबवा. चार आकड्यांत आत, सहा-सात आकड्यांत बाहेर.

मुक्तछंद

काका, तुमचं पोस्ट जपून ठेवलंय.

कातरवेळ

(सव्वीस दिवसांनी.) उशीर झाला, पण नुसते आभार मानायला यायचं नव्हतं.

पहिले काही दिवस मी फक्त 'माझ्या मनात असं वाक्य आलंय की…' एवढंच करत होते. फार वेळा दुसरं वाक्य सुटूनच जायचं आणि चौथ्या-पाचव्याला लक्षात यायचं. मग तिसऱ्याला. जबडा आवळलेला असतो हे कळलं, डावीकडून जास्त. पाण्याचं तापमान कळायला लागलं. हे लिहिताना मला स्वतःलाच नवल वाटतंय, पण इतकी वर्षं भांडी घासतेय आणि पाण्याचा स्पर्श कधी जाणवलाच नव्हता.

मग एका रात्री वाक्य आलं आणि मी उत्तर दिलं नाही. ते नुसतं राहिलं. आणि त्या रिकाम्या जागेत मला त्या फोनमधलं दुसरंच काहीतरी आठवलं, जे चार महिन्यांत एकदाही आठवलं नव्हतं. दादाने त्या दिवशी दोनदा बोलायला सुरुवात केली होती. "अगं, परवा मी…" असं म्हणाला होता. दोन्ही वेळा मी माझ्या ऑफिसचं पुढे रेटलं होतं. तिसऱ्यांदा तो 'तुला सांगण्यात काही अर्थ नाही' म्हणाला.

मी इतके दिवस त्या वाक्याशी भांडत होते, म्हणून ते ऐकलंच नव्हतं.

मुक्तछंद, मग फोन केला. भीती वाटत होतीच. वहीत लिहून ठेवलं होतं, रविवारी सकाळी दहा. मी म्हणाले, "दादा, तेव्हा तू काहीतरी सांगत होतास. मी ऐकलं नाही. आत्ता सांगशील?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला की त्याच्या तपासण्यांचे रिपोर्ट आले होते त्या दिवशी. आता धोका नाही, औषधं चालू आहेत. पण ते चार महिने त्याने एकट्याने काढले.

ते मला लागलंय. ते मी सोडणार नाही, सोडायचंही नाही. पण ते माझ्यावर धावून येत नाही. ते माझ्याजवळ आहे एवढंच. पुढच्या तपासणीला मी त्याच्याबरोबर जातेय.

मधली_वाट

ताई, दोनदा वाचलं. आता आणखी काही लिहित नाही. दादांना लवकर बरं वाटू दे.

चांदणचुरा

मीही सांगायला आले. नवऱ्याला दाखवला धागा. तो वाचून उठला, बाळाला उचललं आणि माझ्या शेजारी येऊन बसला, काही बोलला नाही. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरकडे गेलो. त्यांनी नीट ऐकून घेतलं, एका समुपदेशक ताईंकडे पाठवलं. आता रोज संध्याकाळी बाळाला घेऊन गॅलरीत पाच मिनिटं उभी राहते, त्यांनी सांगितल्याप्रमाणे. विचार येतो. मी आत पळत नाही. बाळ माझी बट ओढत असतं.

जुनं_झाड

शाब्बास पोरी.

रात्रपाळी

कातरवेळ, एक विचारू का? दादांशी बोलून झालं, सगळं कळलं. ते वाक्य अजूनही येतं?

कातरवेळ

येतं. आजही आलं, सकाळीच. हातात तेच पातेलं होतं. घासून झालं, तसा नळ बंद केला आणि पालथं घातलं.